काळी टॅक्सी विकायला मोरजीला

जुनी गाडी पुन्हा उभी करायची इच्छा झाली तर आधी तीन दिवस कडक उपास करून पाहावा. बहुतेकांची इच्छा तेवढ्यात जाते. माझी गेली नाही, कारण दर एकादशी मी धरतोच. शरीराला सवय होती.

गाडी बाबांची. जर्मन बनावटीची, पोर्तुगिजांच्या काळात बोटीतून आलेली आणि पुढे एका भाटकाराने, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाराने, बाबांना विकलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सुटे भाग विकणाऱ्यांचे फोन येतात आणि मी पुन्हा मोहात पडतो. बाबांनी ती डिचोली तालुक्यात टॅक्सी म्हणून पंचवीस वर्षं चालवली. ते गेल्यावर ती मुळगावच्या आमच्या गोठ्यात उभी राहिली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालीत. खरं सांगायचं तर या गाडीपासून आम्हाला मिळालेलं ते शेवटचं उत्पन्न.

मग तीन वर्षांपूर्वी मला वारसा जपायची बुद्धी झाली. पत्रा आणि रंग एक लाख ऐंशी हजार, इंजिन नव्वद हजार, दिव्यांच्या काचा कोइमतूरहून, क्रोमचं काम बेळगावात, सीटा म्हापशात. एकूण साडेचार लाख. बायकोला सांगितलेला आकडा वेगळा आहे. दोन्हींत एका दुभत्या म्हशीचं अंतर आहे. पैसे घराची कौलं बदलण्यासाठी ठेवलेले होते, हे मात्र तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

यंदा शिगमा झाल्यावर ती म्हणाली, "पावसाआधी कौलं नाय तर गाडी. दोन्ही पोसायला मी काय भाटकारीण नाय."

म्हणून मोरजीच्या साहेबांना फोन केला. हे पुण्याचे गृहस्थ, निवृत्तीनंतर समुद्राजवळ राहायला आलेले, जुन्या गाड्या जमवणारे. त्यांची एकच अट होती. "गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. ट्रकवरून आलेली गाडी म्हणजे स्ट्रेचरवरून आलेला नवरदेव."

अंतर चाळीसेक किलोमीटर. शहाण्या माणसाला नव्या गाडीने सव्वा तास पुरतो. मी सकाळी सातला निघालो आणि सोबत शंकर मिस्त्रीला घेतलं. शंकर मूळचा चंदगडकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी खाणीवरच्या ट्रकांचं पत्र्याचं काम करायला आला आणि इथलाच झाला. या गाडीचा इंच न् इंच पत्रा त्याने हाताने ठोकलेला आहे, आणि हे तो भेटेल त्याला सांगतो.

गावाच्या वेशीवर थांबून राखणदार देवाला विडा ठेवला, हात जोडले.

"त्यास्नी सांगा, ब्रेकाकडंबी जरा लक्ष असू दे," शंकर मागून म्हणाला.

"ब्रेक तूच केलेस ना?"

"व्हय की. म्हणूनच म्हणतोय."

अस्नोड्यापर्यंत रस्ता चांगला आहे, सावली आहे. तिथे चहाला थांबलो. पातळ भाजी आणि दोन उंडे पाव, वर चहा, दोघांचे मिळून सव्वाशे रुपये. जुन्या गाडीतून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: चहा पाच मिनिटांत संपतो, माणसं संपत नाहीत. नाश्ता करून बाहेर आलो तर एक बाई बॉनेटवर हात ठेवून उभ्या.

"ही दत्तारामाची टॅक्सी ना रे? माझो जल्म हिच्यात झालो. आवयक म्हापशाक नेताना, थिवीच्या फाटकार."

दत्ताराम म्हणजे बाबा, आवय म्हणजे आई. मी नमस्कार केला. या गाडीत जन्मल्याचं सांगणारं हे अकरावं माणूस. एवढ्या बाळंतपणांचा हिशोब पाहता बाबा टॅक्सी चालवत होते की सूतिकागृह, असा प्रश्न पडतो. पण बाईंचा हात बॉनेटवर होता तो मायेने. शंकरने मात्र त्या वळल्यावर लगेच फडकं काढून बोटांचे ठसे पुसले.

थिवीवरून कोलवाळला हमरस्त्याला लागलो. आमचा वेग ताशी पस्तीस. मोपाच्या विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी हॉर्नच्या भाषेत आमच्या पूर्वजांची विचारपूस केली. धारगळला रेडिएटर तापला. वीस मिनिटं एका काजूच्या सावलीत उभे राहिलो, दोन बाटल्या पाणी ओतलं. लिटरला सात किलोमीटर, हेही लिहून ठेवा. पेट्रोल पंपावरचा माणूस इतका अदबीने वागतो की आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. त्याचं कारण टाकी भरेपर्यंत कळत नाही.

पेडण्यात भगवतीच्या देवळापुढे गाडी लावायला जागा मिळाली. दारातल्या हत्तींच्या दोन पुतळ्यांमधून आत गेलो. देवीकडे काय मागितलं ते खोटं कशाला सांगू? चांगला भाव मागितला. त्या जागी उभं राहून एवढंच मागायला सुचलं याची नंतर लाज वाटली, पण मागणं परत घेता येत नाही. सोमवार असल्यामुळे शिवराक, म्हणजे मासे नसलेलं, जेवण शोधलं. वरण, भात, मुगाची उसळ, सोलकढी, एकशेवीस रुपये. शंकरने शेजारच्या खानावळीत मासे खाल्ले आणि मला वास द्यायला परत आला.

पार्सेवरून मोरजी गाठली. मोरजीत बऱ्याच दुकानांच्या पाट्या रशियन भाषेत आहेत. एके काळी आम्ही गोंयकार मराठी की कोंकणी यावरून एकमेकांच्या उरावर बसलो होतो. त्या दोन्हींपैकी एकही त्या पाट्यांवर सापडली नाही. समेट झाला म्हणायचा.

साहेबांच्या बंगल्यामागे काचेची मोठी खोली आहे. आत सहा गाड्या, गार हवा, मंद दिवे. गाड्या आत थंडीत राहतात आणि माळी बाहेर उन्हात. साहेब पांढरा सदरा घालून आले, गाडीभोवती दोनदा फिरले आणि खिशातून मखमलीच्या कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. जुन्या गाडीच्या बाजारातली ही परीक्षा आहे. खाली खरा पत्रा असेल तर चुंबक चिकटतं. खड्डे पुट्टीने भरून वर रंग मारला असेल तर ते गळून पडतं.

दारं झाली, छत झालं, डिकी झाली. चुंबक सगळीकडे चिकटलं. शंकरची छाती प्रत्येक ठिकाणी थोडी वर येत होती. मग साहेब डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर आले आणि चुंबक त्यांच्या हातात पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"पुट्टी," साहेब हसून म्हणाले. "हरकत नाही, सगळेच करतात. तीन लाख."

"पुट्टी?" शंकर म्हणाला.

"मिस्त्री, रागावू नका. उघड गुपित आहे हे."

"माझ्या कामात पुट्टी?"

त्यानंतर जे झालं ते सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. शंकरने मागच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मी हात धरायच्या आत मडगार्डवर खर्रकन ओढला. तीन वर्षं वाट पाहून मिळवलेला तो काळा रंग, आरशासारखा, त्याच्यावर वीतभर ओरखडा. ओरखड्याच्या तळाशी काहीतरी पिवळं चमकलं.

"पितळ हाय," शंकर म्हणाला. "जुनं ठिगळ. आतून कल्हई, कडा अशा मारल्यात की गंजाला जागा न्हाई. एवढी वर्षं टिकलंय, मी कशाला उचकटू? चुंबकाला पितळ कळत न्हाई, त्यात माझी चूक काय?"

साहेब गुडघ्यावर बसले. चष्मा वर केला. "पितळ? मडगार्डला? कोणी लावलं?"

आणि इथे मी चूक केली. मला वाटत होतं ते मडगार्ड शंकरने नवीन केलं. ते पिवळं पाहून मी दहा वर्षांचा झालो आणि तोंडातून निघून गेलं, "भाषेच्या आंदोलनात दगड लागला होता."

गोवा घटक राज्य व्हायच्या आधीचे ते दिवस. मी मागच्या सीटवर होतो. रस्त्यावर झाड आडवं टाकलेलं, दोन्ही बाजूंना माणसं, आणि एक दगड आला. आधीच गंजलेल्या पत्र्याला भोक पडलं. दगड कोणी मारला ते मी पाहिलं. आमच्या ओळखीचाच होता. आरशातून बाबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "फांदी पडली हां." दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात गेले नाहीत, कारण गॅरेजात चार जण बसलेले असत आणि चौघांनी विचारलं असतं. डिचोलीत समया करणाऱ्या एका कासाराकडे गाडी नेली. तो समईशी बोलायचा तेवढाच माणसांशी बोलायचा. आठ दिवसांनी तोच दगडवाला आजारी आईला घेऊन याच गाडीतून म्हापशाच्या इस्पितळात गेला. बाबांनी भाडं नेहमीचंच घेतलं. कमी घेतलं असतं तर त्याला कळलं असतं की यांना कळलं आहे.

यातलं मी साहेबांना काही सांगितलं नाही. पण 'आंदोलन' आणि 'दगड' हे दोन शब्द त्यांना पुरले.

"सहा लाख," ते उभे राहत म्हणाले. "ओरखडा तसाच ठेवायचा. मिस्त्री, हात लावायचा नाही. शेजारी स्क्रीन लावू, तुमची मुलाखत घेऊ. दगड कोणत्या बाजूचा होता? मारणारा हयात आहे?"

"गोष्ट सोडून गाडी तेवढी घ्या. तीन लाखांत," मी म्हणालो.

"अहो, नीट रंगवलेल्या गाड्या माझ्याकडे सहा आहेत. या गाडीत गोष्ट आहे. तुम्ही नाव नाही सांगितलं तरी चालेल. मुळगाव केवढंसं? माणूस पाठवला की दोन दिवसांत कळेल."

ते वाईट माणूस नाहीत. चहा उत्तम दिला, बिस्किटं परदेशी होती. मी चहा संपवला, मनात हिशोब केला. सहा लाखांत सगळी कौलं, वासे, आणि म्हैससुद्धा. मग चावी उचलली आणि म्हणालो, "गाडी विकायची नाही."

परतीला कोलवाळच्या पुलावर शंकर म्हणाला,

"सहा लाख, आण्णा."

"हूं."

"स्क्रूड्रायव्हर घरी ठिवायला पायजे हुता." थोड्या वेळाने म्हणाला, "दगड कुनी मारला हुता?"

"फांदी होती."

"मोठी असंल फांदी."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झालेली. बायको ओट्यावर उभी होती. गाडी गेली तशीच परत आलेली पाहून तिला बाकीचं कळलं. मी तिला सगळं सांगितलं, नाव सोडून. तिने नाव विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बरं. मग पावसात सगळे गाडीतच राहूया. तिचं छप्पर तरी नवीन आसा."

आता हिशोब, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींच्या गोठ्यातही असं काहीतरी उभं असेल. जुनी गाडी उभी करायला साडेचार लाख लागतात आणि बाजारात ती तीन लाखांची होते. इथपर्यंत गणित सरळ आहे. पुढचं मला नीट जमत नाही. आईबापांनी जे निगुतीने झाकून ठेवलं ते उघडं केलं की भाव दुप्पट होतो, आणि घेणारा ते प्रेमानेच घेतो. तुमच्या गाडीत असं काही नसेल तर खुशाल विका. असेल तर आधी रंग खरवडून पाहू नका. दगड कोणत्या बाजूचा, कोणाचा, हे मी इथेही लिहिणार नाही. कॉमेंटमध्ये विचारू नये.

रविवारी शंकरने ओरखडा बुजवला. मजुरी घेतली नाही, रंगाचे पैसे घेतले. नवा रंग जुन्याशी पुरता जुळला नाही. उन्हात तिरपं पाहिलं की हातभर जागा वेगळी दिसते.

या लग्नसराईत गाडी सात जणांनी वरातीला नेली. भाडं अडीच हजार, पेट्रोल त्यांचं. सातही जणांनी घासाघीस केली आणि सातही जणांना मी दोनशेच कमी केले, कोणाला जास्त नाही. त्या पैशांत घराची पुढची बाजू शाकारून झाली. मागच्या बाजूला यंदा ताडपत्री आहे.