पऱ्हाट्यांच्या जागी कोळसा

मंडळी, आज सकाळी आपल्या वाफेच्या इंजिनांच्या कादंबऱ्यांवरच्या कार्टून मालिकेचा पहिला भाग टीव्हीवर पाहिला. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून तडक सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

ग्रुपवर नवीन असलेल्यांसाठी सांगतो. या कादंबऱ्यांत सत्तावन्नचं बंड यशस्वी होतं, पण कोळशाच्या खाणी इंग्रजांकडेच राहतात. म्हणून खानदेशातली इंजिनं कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर चालतात. सगळी कथा त्यावरच उभी आहे.

आणि मालिकेत? फावड्याने कोळसा टाकतात. बनवणाऱ्यांनी पुस्तक उघडलं तरी होतं का?

माझा थोरला भाऊ, नाना, बोदवडला कापूस पिकवतो. त्याला वाचता येत नाही. ही गोष्ट मी त्याला वर्षानुवर्षं बांधावर बसून सांगितली. आज ती बघायला तो मुद्दाम जळगावला माझ्याकडे आला होता.

कोळसा दिसला तसा तो माझ्याकडे वळला. "तू तं सांगे, पऱ्हाट्यांवर चालते म्हनून. हा तं कोयसा हाये."

"नाना, यांनी बदललंय. पुस्तकात पऱ्हाट्याच आहेत."

"मले वाचता येत नाही म्हनून काहीबी सांगत गेला का?"

मी पुस्तक काढून ते पान मोठ्याने वाचलं. तो म्हणाला, "वाचनारा बी तूच." आणि चहा न घेताच गाडीला निघून गेला.

जे शिकलो ते माझं मी शिकलो, पण गोष्टीतला एक तपशील कधी इकडचा तिकडे केला नाही. आज भावासमोर खोटा ठरलो.

बोदवडकडचं कोणी आहे का इथे? पुस्तक मी पाठवतो. ते पान नानाला तुम्ही वाचून दाखवाल का?