पिंपळनेरला बिबड्या थापायला

यमुनाने फोनवर सांगितलं की यंदा बिबड्या विकतच्या आणल्या, आणि मी त्याच दिवशी ज्वारी भिजत घातली.

यमुना माझी धाकटी नणंद. पिंपळनेरला एकटी राहते. आणि बिबड्या म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. ते कोणी एकटीने करत नाही. आज माझ्या अंगणात, उद्या तुझ्या, अशी उन्हाळ्यात गल्लीत पाळी लागते. ज्या बाईने विकतच्या आणल्या तिच्याकडे एक तर कोणी आलं नाही, नाही तर तिने कोणाला बोलावलं नाही. यमुनाला मी ओळखते. नवरा गेल्यावर गल्लीतल्या बाया रोज बसायला यायच्या, तेव्हा हिने एक दिवस सगळ्यांना सुनावलं की मी काय जत्रा आहे का बघायला यायला. त्या यायच्या बंद झाल्या. हिला तेच पाहिजे होतं, असं ही म्हणते.

सून म्हणाली, "आई, एवढ्या उन्हात कशाला? व्हिडीओ कॉल करा ना."

"व्हिडीओवर ती पदर सारखा करून हसते," मी म्हटलं. "ती यमुना मला नको."

ज्वारी भिजली, वाळली, दळून आली, तशी मी पिशवी उचलली. चाळीसगावहून धुळ्याला सकाळची पॅसेंजर धरावी. तिकीट नावापुरतं आणि खिडकी मिळते. धुळ्याला स्टेशनबाहेर रिक्षावाले एकट्या बाईला बघून भाव सांगतात. आपण दुसऱ्या दोन बायांच्या मधे जाऊन उभं राहायचं, मग शेअरने बस स्टँड. पुढे साक्रीवरून पिंपळनेरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण मागच्या सीटवर बसू नका, कंबर पिंपळनेरला पोचायच्या आधीच उतरून जाते.

गाडीत शेजारी नेरची एक बाई बसली. "कुठे चालल्या अक्का?"

"नणंदेशी भांडायला."

"मग नीट बसा, लांब आहे," असं म्हणून तिने डबा उघडला. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. अर्धी मला दिली. तिचं गाव येईपर्यंत तिने गुडघा, जाऊ आणि जावेची म्हैस, सगळं सांगून टाकलं. मी काही विचारलं नव्हतं. उतरताना म्हणाली, "बरं वाटलं वं." ना तिने माझं नाव विचारलं, ना मी तिचं. भाकरी मात्र चांगली होती.

साक्री स्टँडवर चहा प्यावा, भजी बघून घ्यावी, सकाळची असतात. पुढे रस्ता बरा आहे. डोंगर जवळ येतात आणि ऊन जरा माणसात येतं.

यमुनाने दार उघडलं. "वहिनी, तू कसाले उनी? मी मरेल नही शे."

"तेच बघायला आले," मी म्हटलं.

घर लख्ख होतं. एक ताट, एक तांब्या, एक खुर्ची. तिने वांग्याची भाजी वाढली. पहिला घास घेतला आणि मी तिच्याकडे बघितलं. भाजीत मीठच नव्हतं. ती खाली मान घालून जेवत होती. विसरली असेल म्हणून मी गप्प राहिले. दुसऱ्या वेळची आमटीही तशीच, तेव्हा विचारलं. ती थांबली. जिभेवर चव घोळवून बघितली. म्हणाली, "कोन सांगस माले?"

मीठ टाकायचं राहतं हे तिला कळतच नव्हतं. त्या बाईला आता गल्लीत परत बसवल्याशिवाय मी चाळीसगावला जाणार नव्हते.

सकाळी उजाडताच अंगणात चूल पेटवली. यमुना मागच्या बाजूला ओली फडकी खाटेवर पसरत होती, तोवर मी कढत्या पाण्यात सगळं पीठ ओतलं. लसूण, तीळ, मिरची, आणि मीठ सढळ हाताने. ती आली आणि पातेल्यात बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, हाई बठ्ठं दोघी थापसूत का?"

"नाही व्हायचं आपल्याच्यानं."

"तू हाई मुद्दाम करं ना?"

"हो."

शिजलेल्या पिठाचा घाटा गरम असतानाच फडक्यावर थापावा लागतो. गार झाला की चिरतो, मग म्हशीला घाला. भिंतीपलीकडे सुमन राहते, एके काळी हिच्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं. यमुना म्हणाली, तूच हाक मार. मी म्हटलं, मी पाहुणी, मला इथे कोण ओळखतं. आणि हात बांधून ओट्यावर बसले. पातेल्यावर साय धरायला लागली. यमुनाने एक बिबडी थापली. दुसरी थापली. पातेलं काही कमी होईना. शेवटी ती भिंतीशी गेली.

"सुमन, जरा ये वं. घाटा गार व्हई जाई."

पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला.

"आते बरी मनी आठवन उनी," असं म्हणत सुमन दारातून आत आली. सोबत तिची सून आणि पाण्याची वाटी. हात भिजवून बसली आणि थापायला लागली. मग तिने बोटाला लागलेला घाटा चाखला.

"मीठ जास्ती शे."

"तुनी जीभच खारी शे," यमुना म्हणाली.

तेवढ्यावर दोघी भांडायला लागल्या, ते खाट भरेपर्यंत. तोवर समोरच्या घरातूनही दोघी आल्या. उरलेला घाटा वाटीत घेऊन वर कच्चं तेल घालून सगळ्यांनी खाल्ला, ती थापणाऱ्यांची मजुरी. यमुनाने दोनदा घेतला. मी दुपारच्या गाडीने निघाले.

घरी येऊन आठवडा झाला. लोक म्हणतात प्रेम लागतं, आधार लागतो. लागत असेल. मला तर एवढं दिसलं की ताटातलं चुकलं ते तोंडावर सांगणारं कोणी लागतं, नाही तर आपली जीभसुद्धा आपली राहत नाही.

काल यमुनाला फोन केला. उचलला नाही. परत केला, तरी नाही. सून म्हणाली, "बघा, काळजी वाटते ना?"

दुपारी तिचाच आला. मागे बायांचा गलका.

"हात भरेल व्हतात वहिनी. आज सुमनकडे पाळी शे. काय काम व्हतं?"

"काही नाही."

"मग ठेव आते."

आणि तिनेच ठेवला.