डॉल्फिनसाठी कणकेच्या गोळ्या

ओल्या कणकेचा वास आला की मला अजून समुद्र दिसतो. नव्वदच्या आसपास, वडील गेले त्या सुट्टीत, आई मला भडगावहून एस.टी.ने कोकणात डॉल्फिन दाखवायला घेऊन गेली. बेत वडिलांचाच होता. गिरणा नदीतल्या माशांना ते घालायचे, तशा कणकेच्या गोळ्या तिने डबाभर वळून आणल्या होत्या. होडीवाला हसला, “ताई, ते कणीक नाय खात.” तेवढ्यात अगदी हाताशी एक काळी पाठ वर आली, माणसासारखा श्वास सोडून बुडाली. आईने तिच्या अहिराणीत विचारलं, “हाऊ एकलाच शे का?” “नाय हो, बाकीचे खालीच असतात, फक्त दिसत नाहीत.” आईने सगळा डबा पाण्यात रिकामा केला. आता आईही नाही. एकटीपुरती कणीक मळताना होडीवाल्याचं ते वाक्य मी मोठ्याने म्हणून बघते.