एका अक्षराची चूक
नातवाला लस टोचण्याआधी नर्सबाईंनी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी सांगलीच्या दवाखान्यात जाऊन पोचले. आमच्या ह्यांना क्षय झाला होता. रोज सुई टोचूनही खोकला हटेना, वर कानात सारखी शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतूच्या रायबोसोमल आरएनएमध्ये एक अक्षर बदललंय. ही सुई आता बंद करू." रेशनकार्डावरचं नाव नीट करायला तहसीलचे उंबरे झिजवलेली मी, मला एवढंच कळलं की रिपोर्टात अक्षर चुकलंय. लगेच पदर खोचला. "आवं बाई, अक्षर तुमी चुकवायचं आन् सुई आमची बंद? हे घ्या आधार कार्ड, करा दुरुस्त!" हे खोकत खोकत हसले. "अगं, अक्षर माझं न्हाई, जंतूचं बदललंय. त्याचं आधार कार्ड हाय का तुज्याकडं?" मग बाईंनी समजावलं, जंतूच्या आत औषध जिथं चिकटतं तिथलंच अक्षर बदलल्यामुळं औषधाला पकडच घेता येत नव्हती, ते नुसतं कान खात होतं. औषधं बदलली, माणूस वाचला, कानही वाचले. आता मी चुलीपाशी ओठातल्या ओठात पुटपुटले तरी सोप्यातून ह्यांचा आवाज येतो, "ऐकलं गं!" त्या दिवशीचं भांडण मी जिंकले असते, तर आज घरात मनासारखं पुटपुटता आलं असतं, पण पुटपुटायचं कुणाच्या नावानं?