गोधडीचा वास

देवगडच्या धक्क्यावर लांब उभ्या आगबोटीपर्यंत नेणारा पडाव सुटायच्या बेतात होता, आणि आई मात्र गोधडीबद्दलच बोलत होती. "कोंडून ठेव नको गो हिका. अधनंमधनं धग दाखय." तिच्या जुन्या तीन लुगड्यांची ती गोधडी. कडेवर एका वर्षाची माझी सुमी, काखेत गोधडी आणि डोळ्यांत पाणी. अशा वेळी धग-बिग कोण ऐकतं? मी नुसती मान हलवली.

मी मुंबईला यांच्याकडे निघाले होते. हे लालबागला राहून गिरणीत विणकाम करत. एकच खोली, मागची भिंत शेजारच्या मोरीला लागून. तिला ओल होती, पण चाळीत ओल कुणाकडे नव्हती? ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. यांनी मोर्च्याची उरलेली पोस्टरं गव्हाच्या खळीनं त्या ओलीवर चिकटवली, आणि भिंत एकदम झोकात दिसू लागली. सकाळी अंथरुणं गुंडाळून मी त्याच भिंतीला लावायची. दुसरी जागाच नव्हती.

थोड्याच महिन्यांत गोधडीला वास येऊ लागला. कुबट, ओलसर, पावसाळ्यात आमच्या माळ्यावर यायचा तसा. खरं सांगते, मला तो फार आवडायचा. दुपारी सुमीला कुशीत घेऊन मी गोधडीत तोंड खुपसायची आणि घटकाभर माहेरी जाऊन यायची. वास उडून जाईल म्हणून मी ती कधी उन्हात टाकली नाही.

मग सुमी खोकू लागली. छातीत घरघर, तोंड उघडं. चाळीनं निदान करून टाकलं, अश्रुधूर. खाली नळकांडी फुटत, धूर गॅलरीत चढे, तेव्हा ते चूक कोण म्हणणार? आम्ही दार-खिडकी घट्ट लावून बसू लागलो, तर खोकला आणखी वाढला. सासूबाईंचं पत्र आलं, पोरीला गावी पाठवा. यांनाही ते पटलं. ती गेली तर मी या खोलीत कुणासाठी राहायचं?

पाठवण्याआधी परळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "अश्रुधूर काय, एखाद्या दिवसाचा. ही तर रोज खोकते. झोपते कुठे?" आणि स्वतः घरी आले. पोस्टरचा कोपरा ओढला तर मागे काळी बुरशी, मखमलीसारखी मऊ. ओल हवेतली की भिंतीतली, हे बघायची युक्तीही त्यांनीच सांगितली. यांनी गणपतीच्या तसबिरीची काच काढली, भिंत पुसून कोरडी केली आणि काच चारी कडांनी कणीक लावून तिच्यावर बसवली. दुसऱ्या दिवशी थेंब धरले होते ते काचेच्या भिंतीकडच्या अंगाला. मोरीचं पाणी भिंतीत मुरत होतं.

"आता ती गोधडी उघडा," काच बघायला आलेले डॉक्टर भिंतीशी ठेवलेल्या गुंडाळीकडे बोट दाखवून म्हणाले. टाक्याटाक्याला काळे ठिपके होते. माहेर समजून मी पोरीच्या नाकाशी जे धरत होते, ती लालबागच्या मोरीची बुरशी होती. वास गावीही यायचा, पण तिथे माळ्याखाली दिवसभर चूल पेटलेली असे, आई पावसाळ्यात गोधड्या तिच्यावरच्या दांडीवर टाकत असे. इथे रॉकेलचा स्टोव्ह, तोही स्वयंपाकापुरता.

हे म्हणाले, उकळून बघू. मी नको म्हटलं. फाडून तुकडे केले आणि गॅलरीतल्या बंबात माझ्या हातानं घातले. तेव्हा कुठे तिला धग दाखवली. खूप रडले.

चाळकऱ्यांनी मोरी दुरुस्त केली, आम्ही भिंत खरवडून चुना लावला. सुमी गावी गेली नाही. आज ती अमेरिकेत आहे. परवा फोनवर सांगत होती, "आई, आमच्या बेसमेंटमध्ये मोल्ड निघालं, बुरशी गं. टेस्टिंगवाला हवेचं सॅम्पल घेऊन लॅबला गेला." मी म्हटलं, आधी खिडक्या उघड.

तुम्ही गावी राहिलेली माणसं विचारता, घराची आठवण येते का? येते. पण आता घर म्हटलं की मला चुना वाळल्यानंतरची ती दुपार आठवते. खिडकी सताड उघडी होती, खाली घोषणा चालल्या होत्या, खोलीला कसलाच वास नव्हता, आणि सुमी तोंड मिटून झोपली होती.