गुडघ्याच्या वरचा चेंडू

उजवा तळहात पालथा करून आमचे सर हवा खाली दाबत. एकदा, दोनदा, तीनदा. तोंडाने चालू असे, "खाली, खाली. चेंडूला जमीन सोडू देऊ नका." वर्गात कुणी मोठ्याने बोललं तरी तोच हात, आणि रस्त्यात आम्ही धावत त्यांना नमस्कार केला तरी तोच. असा एखादा हातवारा असलेला मास्तर तुमच्याही शाळेत असेल. माणूस विसरला जातो, हात लक्षात राहतो. माझंही तसंच झालं असतं तर बरं झालं असतं.

शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत ते पी.टी. शिकवायला आले तेव्हा मी नववीत होतो. शिडशिडीत अंग, पांढरी पँट आणि रोज खडू घासून पांढरे ठेवलेले कॅनव्हासचे बूट. त्यांच्या वडिलांचं रविवार पेठेत कल्हईचं दुकान होतं. घरात पगारी नोकरी करणारे सर पहिलेच, आणि ती नोकरीही तात्पुरती. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "वर्षभरात फुटबॉलचं काही दिसलं तर तुम्हाला कायम करू. नाहीतर हा तास गणिताला जाईल." ही बातमी शिपायाने मधल्या सुट्टीच्या आत शाळाभर पोचवली. गणिताच्या भीतीनेच निम्मा संघ उभा राहिला.

मैदान म्हणजे शाळेचं अंगण. भिंतीपलीकडे एक निवृत्त गृहस्थ राहत. पहिल्याच आठवड्यात आमचा चेंडू तीनदा त्यांच्याकडे गेला, आणि तिसऱ्यांदा थेट आमटीच्या पातेल्याशेजारी उतरला. गृहस्थ चेंडू काखेत घेऊन ऑफिसात आले. "आपली ही शाळा आहे की तोफखाना, एवढंच विचारायला आलो," असं म्हणून त्यांनी चेंडू टेबलावर ठेवला. कॅप्टन म्हणून माफी मागायला मी तिथे उभा होतो. ते गेल्यावर हेडमास्तर सरांना म्हणाले, "पुन्हा तक्रार आली तर फुटबॉल बंद. मग तुमचं काय ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवसापासून सरांनी नियम काढला. चेंडू गुडघ्याच्या वर गेला की खेळ थांबला. ज्याने त्याने जागच्या जागी उभं राहायचं, हात मागे. चेंडू खाली आला की सर शिट्टी वाजवणार, मग पुढे. जगात कुठेही नसलेला हा फुटबॉल आम्ही वर्षभर खेळलो आणि खोटं कशाला सांगू, त्यात तरबेज झालो. जमिनीलगत असे पास देत असू की सर हरखून म्हणत, "वा रे पठ्ठे!" मोठ्या मैदानावर नेऊन एकदा खरा सराव करू, असंही ते म्हणत. पण तास बुडवून जायची परवानगी काही मिळाली नाही. शेवटी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली, "मोकळं मैदान दिसलं की पाय आपोआप मोकळे होतील." त्यांची चूक झाली असेल तर एवढीच.

सामना कॅम्पातल्या एका शाळेशी होता. हेडमास्तर कडेला खुर्ची टाकून बसले. सुरुवात झाली आणि समोरच्या संघाच्या फुलबॅकने पहिलाच चेंडू आभाळात मारला.

आम्ही अकराच्या अकरा जण थांबलो, हात मागे घेऊन. चेंडू आमच्या मागे पडला, त्यांच्या पोराने तो निवांतपणे गोलात ढकलला. प्रेक्षकांना वाटलं, आम्ही कुणाला तरी श्रद्धांजली वाहतो आहोत.

दुसरा गोल असाच झाला. तिसऱ्याला सरांना उमगलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. त्यांनी खुर्चीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तिकडे बघितलंच नाही.

मध्यंतराला चौदा गोल झाले होते. पंच भला माणूस होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आटोपतं घ्यायचं का? मुलं दमलीत." मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो, सर हो म्हणू देत. सर म्हणाले, "नाही. पूर्ण खेळणार." मग आमच्यासमोर उकिडवे बसले आणि आमच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "नियम माझा होता. विसरून जा रे. वर गेला तरी पळा."

वर्षभर पायांना लावलेली सवय पाच मिनिटांत कशी जाणार? आम्ही पळायचो, चेंडू वर जायचा, पाय आपसूक थबकायचे. लक्षात येऊन पुन्हा पळेपर्यंत दोन पावलं उशीर झालेला असायचा. सर रेषेच्या कडेने आमच्याबरोबर धावत होते. दोन्ही हातांनी हवा वर उचलत ओरडत होते, "थांबू नका! थांबू नका रे!" त्यांचा आवाज फाटला, पांढरे बूट धुळीने माखले. शेवटची दहा मिनिटं ते नुसतेच हात उचलत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आमचा लेफ्ट आउट रडत रडत खेळत होता. सव्वीस गोल झाले की सत्तावीस, यावर आजही एकमत नाही. दोन्ही आकड्यांचे अभिमानी पुण्यात सापडतात. आमच्या नावावर शून्य, त्याबद्दल मात्र वाद नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. सर टेबलाच्या बाजूला उभे होते.

"कॅप्टन, चेंडू वर गेला की तुम्ही थांबत का होता?"

सकाळपासून सगळी शाळा मला हसत होती. फळ्यावर कुणीतरी हात मागे बांधलेली अकरा माणसं काढली होती. घाबरलो होतो म्हणून थांबलो, असं मी म्हणू शकलो असतो. निदान भिंतीपलीकडच्या गृहस्थांची आणि याच खोलीत दिलेल्या ताकिदीची आठवण करून देऊ शकलो असतो. मी म्हणालो, "सरांनीच तसं शिकवलंय."

हेडमास्तर सरांकडे वळले. मला वाटलं, आता सर तरी त्या ताकिदीचं बोलतील.

"मुलगा खरं सांगतोय," सर म्हणाले. हेडमास्तरांना स्वतःची ताकीद आठवत नसेल असं नाही, पण त्यांनी टेबलावरचे कागद पुढे ओढले. महिनाअखेर सर गेले आणि तो तास गणिताला मिळाला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी, ते आमच्या घरी आले. खिडकीतून दिसताच मी स्वयंपाकघरात पळालो आणि दाराआड उभा राहिलो. माझी तक्रार करायला आले असणार, याबद्दल मला शंका नव्हती. बाबांनी बसायला सांगितलं, आईने चहा ठेवला.

"अकराही मुलांच्या घरी जाऊन येतोय," सर म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. "याला रागावू नका आणि याचं खेळणं बंद करू नका, एवढंच सांगायचं होतं. पोरं चांगली आहेत हो. मीच कमी पडलो."

"मग आता पुढे काय?" बाबांनी विचारलं.

"बघतोय. सध्या वडिलांच्या दुकानात बसतो."

चहा होईपर्यंत दोघं उन्हाळ्याबद्दल काहीबाही बोलले. मग सर उठले आणि म्हणाले, "तो आहे का घरात? भेटलो असतो."

बाबांनी मला हाक मारली. मग जरा मोठ्याने, पुन्हा एकदा. आई चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"अभ्यास करतोय म्हणून सांग," मी तिला खुणेने म्हटलं. तिने बाहेर जाऊन तसं सांगितलं.

"करू दे, करू दे," सर म्हणाले, आणि जिना उतरून गेले.