गरम पाण्याच्या टबाची फिर्याद

खून-दरोडे नोकरीत पुष्कळ पाहिले, पण देवळाली प्रवराच्या एका शेतकऱ्याने दिलेली गरम पाण्याच्या टबाची फिर्याद मला आजही आठवते. त्या भागातल्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो.

त्याच्या आईचे गुडघे संधिवाताने पार धरले होते. डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं, म्हणून मायलेक श्रीरामपूरच्या दुकानात गेले. म्हातारीने तिथल्या मोटरवाल्या रिकाम्या टबांत उतरायचा प्रयत्न केला. सगळ्यांचे काठ उंच, तिचा पाय ओलांडेना. एकाच टबाला आतून-बाहेरून पायऱ्या होत्या, तोच ठरला आणि पैसेही भरले. घरी टेम्पोतून उतरला तो मात्र उंच काठाचा आणि वापरलेला. दुकानदार म्हणे, तुम्ही निवडला तोच हा.

वरिष्ठांनी ग्राहक मंचाकडे पाठवा म्हणून सांगितलं. आमचा हवालदार तर तोंडावर हात ठेवून हसत होता. मी गुन्हा दाखल केला. फसवणूक ती फसवणूक, टबाची का असेना.

थोड्याच दिवसांत त्याच हवालदाराने चहाच्या टपरीवरून खबर आणली. त्याच टेम्पोने त्याच दिवशी दुसरा एक टब कोल्हारच्या बंगल्यावर उतरवला होता. दुकानदाराला चौकशीला बोलावलं. माणूस गोडबोल्या. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, त्याला मी जरा जास्तच वेळ बसवून ठेवतो. कोल्हारचा टब निराळा, हे त्याचं पालुपद काही सुटेना.

मग म्हातारीचा पुरवणी जबाब घेतला. टबाची काही खूण सांगता येईल का, असं विचारल्यावर ती आधी लाजली. ट्रॅक्टर असो की मोटर, नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे काळा दोरा बांधतात.

"मागचं झाकन उघडून मोटर दावत हुता दुकानवाला, तवाच नळीला बांधला म्या," ती म्हणाली. "लेकाला बी न्हाई सांगितलं. हसला असता."

पंचांना आणि दुकानदाराला घेऊन कोल्हार गाठलं. झाकण उघडलं, तर नळीला काळा दोरा. दुकानदाराने तिथेच सगळं कबूल केलं. बंगलेवाल्यांना तोच टब घाईने हवा होता, म्हणून त्याने तो तिकडे वळवला आणि हॉटेलातला जुना टब पॉलिश करून यांच्या गळ्यात मारला. खेड्यातल्या बाईला काय कळणार, असा त्याचा हिशेब. पंचनाम्यावर सह्या झाल्या. बंगल्याचे मालक सज्जन निघाले. टब पाहुण्यांसाठी घेतला होता, आजींना खुशाल द्या, म्हणाले.

कोर्टाच्या आदेशाने टब तिच्या ताब्यात दिला. तक्रार लहान की मोठी हे ठाण्याच्या खुर्चीत बसून ठरवू नये, हे मला त्या तपासाने शिकवलं.

पुढे एकदा त्यांच्या वस्तीवर गेलो. "आता रोज बसते पान्यात," म्हातारी म्हणाली. "आन् कोनाचा बी हात न धरता उतरते, साहेब."

मला पदकं मिळाली, त्यांचा अभिमान आहेच. या वाक्याचा त्याहून जास्त आहे.